उणे एकतीस

दौलतगंजात माझं दुकान सत्तावीस वर्षांचं.
फ्रिज आले, वॉटर कूलर आले, एकदा एका हलवायाचं
श्रीखंडाचं कपाट आलं. पण तू, केतकी,
ओढणीत गुंडाळून आणलास
काडेपेटीएवढा तांब्याचा ठोकळा,
आत वळणावळणाच्या नाल्या कोरलेला.
काका, याच्या पोटातून गॅस फिरवायचाय,
खाली प्रोसेसर बसेल.
मी विचारलं, त्याला ताप आलाय का?
तू हसली नाहीस.
म्हणालीस, येतो. जोरात पळवला की येतो.

भंगारातून निघाला खिडकीच्या एसीचा कॉम्प्रेसर,
थपडा खाल्ल्याशिवाय न उठणारा.
लायटरचा गॅस भरू, स्वस्त पडेल, म्हणालीस.
मी शर्टाची बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत जे आहे ते पाहिलंस,
आणि तो विषय पुन्हा निघाला नाही.
बावीस नंबरचाच भरला.

मग केपिलरी.
तिची लांबी तू तीन पानं गणित करून काढलीस,
मी वितीने मोजली.
दोघांचंही चुकलं.
दर वेळी चार बोटं कापायची, चांदीच्या काडीने सांधायची,
पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा गॅस, पुन्हा कान लावून बसायचं.
कमी पडला की नळी फुसफुसते,
जास्त झाला की कॉम्प्रेसर ढेकर देतो, मी म्हणालो.
तू वहीत आकड्यांच्या रांगेत
लिहिलंस: ढेकर.

पहिल्यांदा पाण्याने घात केला.
बाहेर लू वाहतेय, इथे कुठलं आलंय दव,
असं मीच म्हणालो होतो
आणि तुला उकडतंय म्हणून मीच
खसचा कूलर ओढून तुझ्या पाठीशी लावला होता.
तीच ओल तांब्यावर बसली, घरंगळली.
पडदा काळा झाला.
साडेतीन हजारांचा जुना बोर्ड, शिकवणीच्या पैशांचा.
तू कूलरकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही,
आणि ते मला जास्त लागलं.

दोन दिवस आली नाहीस.
बन्ने पान्हे पुसत म्हणाला, गई.
तिसऱ्या दिवशी आलीस, उसना बोर्ड घेऊन,
व्हॅसलीनच्या दोन डब्या
आणि आईची योगाची चटई, जांभळी.
चटई कापताना मात्र हसलीस.
सॉकेटच्या भोकाभोकात व्हॅसलीन भरलं आपण,
लग्नात करंज्यांत सारण भरतात तसं, निमूट, ओळीने.
कूलर बंद. तिघंही घामाने निथळत.

रात्रीचे साडेनऊ, बाहेर अजून एक्केचाळीस.
शून्य कधी गेलं कळलंही नाही.
उणे नऊ. उणे अठरा.
मग तांब्याच्या नळीवर पांढरी लव उगवली,
तान्ह्याच्या कपाळावर असते तशी,
आणि बन्ने, जो कशालाच बघत नाही,
हातातला चहा विसरून वाकला.
उणे एकतीस.
पडद्यावर तुझे आकडे पळत होते,
किती गिगाहर्ट्झ, ते तू ओरडून सांगितलंस,
मला गेजचा काटा दिसत होता, आठवर, स्थिर.

थंडी कुणी बनवत नसतं,
हे मी नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.
आतली आग उचलायची आणि बोळात टाकायची, एवढाच धंदा.
त्या रात्री पंख्याने टाकलेली झळ लागून
मागच्या बोळातलं कुत्रं उठलं,
आमच्याकडे एकदा बघून
गटाराच्या पलीकडे जाऊन पसरलं.

आणि लाइट गेली.
अख्खं दौलतगंज गेलं.
कॉम्प्रेसरने शेवटची उचकी दिली,
पंखा बराच वेळ नुसताच फिरत राहिला.
अंधारात मी बोट लावलं त्या लवेला,
ती बोटाला चिकटली, मग सुटली, मग पाणी.

तू वही चाचपत होतीस.
काका, किती मिनिटं चाललं? दहा की अकरा?
अकरा, मी म्हणालो.
घड्याळाकडे मी बघितलंच नव्हतं.